सकाळी अकराचा नमुना : एका गावतलावाच्या पाण्याचं प्रकरण

ही नोंद ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातल्या एका गावतलावाची आहे. गाव, पालिका, गृहसंकुल आणि माणसं ओळखता येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तलावाकाठच्या काही बैठकांना मी हजर होतो, पण निर्णय तिथल्या लोकांचे होते. हे लिहायचं कारण एवढंच की या पट्ट्यात असे तलाव पुष्कळ आहेत, आणि जवळजवळ सगळीकडे मागणी ‘तलाव साफ करा’ अशीच सुरू होऊन तिथेच थांबते. इथे ती पुढे सरकली. पूर्ण यश आलं नाही, पण पाणी नेमकं कुठून बिघडतं आणि कायदा कुठे तोकडा पडतो ते इथे बरंच स्पष्ट झालं.

पार्श्वभूमी

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि मासुंदा, उपवन, कचराळी ही नावं सगळ्यांना माहीत असतात. त्यापलीकडे, खाडीच्या दोन्ही बाजूंना, आगरी-कोळी गावठाणांचे छोटे तलाव आहेत. त्यांच्या नावाने पाटी असते, पण शहरातल्या फारशा कुणाला ती ठाऊक नसते. हा तलाव त्यांपैकी एक. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला पूर्वी भातखाचरं आणि त्यापलीकडे खाडी. टेकडीवरचा ओहोळ पावसाळ्यात तलाव भरायचा आणि जादा पाणी सांडव्यावरून शेतांतून खाडीकडे जायचं. दरवर्षी नवं पाणी यायचं, जुनं निघून जायचं. तलावाची निम्मी तब्येत या ये-जा करण्यावर होती. गावदेवीच्या जत्रेला, गौरी-गणपतीला, कपडे धुवायला, गुरांना आणि रोहू-कटला वाढवायला हेच पाणी होतं. मासेमारीचा ठेका गावातल्याच मच्छीमारांकडे असायचा.

नव्वदच्या दशकानंतर भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. ओहोळाला काँक्रीटच्या भिंती बांधून त्याचं पावसाळी गटार झालं. मग तलावाचं सुशोभीकरण झालं: चारी बाजूंनी दगडी भिंत, रेलिंग, चालायला ट्रॅक, दिवे, मधोमध कारंजं. ट्रॅकची पातळी सलग ठेवायची म्हणून सांडवा उंचावला आणि अरुंद केला. त्या वेळी हे कुणाला खटकलं नाही. काठ देखणा झाला, संध्याकाळी माणसं येऊ लागली. पण भिंतीमुळे काठचं लव्हाळं आणि पाणकणीस गेलं, आणि सांडवा उंचावल्याने तलावात आलेलं पाणी तिथेच राहू लागलं.

या पट्ट्यात तलावांवर पैसा खर्चच झाला नाही असं म्हणता येणार नाही. केंद्राची राष्ट्रीय तलाव संवर्धन योजना २००१ साली सुरू झाली आणि तिच्यातून ठाण्यातल्या काही तलावांनाही निधी मिळाला. सुशोभीकरणासाठी पालिकांनी आपल्या अंदाजपत्रकांत तरतुदी केल्या. मात्र या पैशाची बहुतेक कामं काठावर झाली. पाण्यात येणाऱ्या गोष्टींवर त्यातला फार थोडा भाग लागला.

समस्या

जूनच्या सुरुवातीला दोन दिवस आभाळ भरून होतं, वारा पडलेला होता. दुसऱ्या रात्री वळवाची एक जोरदार सर आली. सकाळी ट्रॅकवर आलेल्यांना काठाला लागलेले मेलेले मासे दिसले. मोठे रोहू आणि कटला सगळे गेले होते. तिलापिया मात्र बरेचसे वाचले होते आणि पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत होते.

पालिकेची माणसं आली, मासे उचलले आणि वास मारायला कडेने चुना टाकला. तोंडी कारण दिलं गेलं ते उष्णतेचं. चुन्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण असं प्रत्येक वेळी घडतं. सांडपाणी शिरणाऱ्या पाण्यात अमोनिया असतोच. तो माशांना किती घातक ठरेल हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, ठरतं. तीस अंश सेल्सियसच्या आसपास, पीएच ७ असताना त्यातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी मुक्त अमोनियाच्या रूपात असतो. पीएच ९ झाला की हाच भाग चाळीस टक्क्यांच्या वर जातो. चुना पीएच वाढवतो. म्हणजे जे मासे तग धरून होते त्यांच्यासाठी पाणी आणखी घातक करणारं काम चांगल्या हेतूने केलं गेलं. तिथल्या मुकादमाला हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि मासे मेल्यावर काय करायचं याची लेखी कार्यपद्धतीही नव्हती.

गावातल्या लोकांना नाल्याचा संशय होता. टॉवरमधल्या लोकांना विसर्जनाचा आणि निर्माल्याचा. पहिल्या बैठकीत यावरूनच आवाज चढले. एका ज्येष्ठ ग्रामस्थांनी तेव्हा जे सांगितलं ते नंतर सगळ्यांच्या तोंडी झालं: “दादा, गणपती वर्षातून दहा दिवस येतो. तुमचा नाला रोज येतो.”

अहवालात तलाव ठीक होता

बैठकीला एक निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी आधी मासिक तपासणीचे अहवाल मागवले. अहवाल होते, नियमित होते, आणि त्यांत पाणी ठीक दिसत होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरनिहाय वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गाला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो, पीएच ६.५ ते ८.५ लागतो आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत लागतो. अहवालातला ऑक्सिजन ४ च्या वर होता, काही महिन्यांत तर बराच वर. मग मासे मेले कसे?

बाईंनी प्रश्न विचारला तो नमुन्याच्या वेळेचा. अहवालावर तारीख होती, वेळेचा रकाना रिकामा होता. नमुने घेणाऱ्या मुलाने सरळ सांगितलं की गाडी एका फेरीत पाच-सहा तलाव करते आणि इथे साधारण अकराला पोचते.

सगळी गोम या अकरात होती. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला की पाण्यात शेवाळ वाढतं, पाणी हिरवंगार होतं. ऊन पडलं की हे शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतं. तीस अंशाला गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पण हिरव्या तलावात दुपारी त्याहूनही जास्त मोजला जातो. रात्री उलटं होतं. तेच शेवाळ, गाळातले जिवाणू आणि मासे सगळेच ऑक्सिजन वापरतात, नवा तयार होत नाही. पहाटे तो सर्वांत कमी झालेला असतो. त्यात दोन दिवस ऊनच नसेल तर दिवसाची भरपाईही होत नाही. वर एक जोरदार सर पडली की गटारात साचलेली सगळी घाण एकदम तलावात येते आणि तळाचा काळा गाळ ढवळला जातो. जूनमध्ये घडलं ते हेच.

म्हणजे तलाव जितका आजारी, तितका अकराचा आकडा चांगला दिसण्याची शक्यता जास्त. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. कुणी खोटा आकडा लिहिला नव्हता. प्रयोगशाळेने काम नीट केलं होतं. नमुना मात्र अशा वेळी घेतला जात होता जेव्हा तलाव आपलं दुखणं दाखवत नाही.

बाईंनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन पहाटे आणि दुपारी, अशी दोन्ही वेळा मोजणी सुरू केली. ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीत बाटलीतला ऑक्सिजन तलावाच्या काठावरच रसायनं घालून स्थिर करावा लागतो, नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदलतो. मुलांनी हे शिस्तीने केलं. पहाटेचा ऑक्सिजन ४ च्या खूप खाली होता, दुपारचा हवेतून मावेल त्याहून जास्त. पीएचही दुपारी ८.५ ओलांडत होता. दिवसाच्या दोन टोकांमधली ही दरी हेच रोगाचं निदान होतं.

कुणाच्या हातात काय होतं

आकडे मिळाले. मग ते घेऊन जायचं कुणाकडे, हा प्रश्न आला. तलावाचे तुकडे करून वाटले गेले होते. काठ, दिवे आणि कारंजं उद्यान विभागाकडे. पावसाळी गटार बांधकाम विभागाकडे. मलवाहिनी मलनिस्सारण विभागाकडे. नमुने पर्यावरणाच्या कक्षाकडे. मासेमारीचा ठेका मालमत्ता विभागाकडे. संकुलांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची संमतीपत्रं पालिकेबाहेरच्या नियामकाकडे, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. यातला प्रत्येक अधिकारी आपल्या तुकड्यापुरता खरं बोलत होता. आकडा बिघडला तर अमुक दिवसांत अमुक अधिकाऱ्याने अमुक करायचं, असा नियम मात्र कुठेच नव्हता.

कायदा नव्हता असं नाही. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यातली ‘प्रवाहा’ची व्याख्या रुंद आहे. तीत नैसर्गिक आणि कृत्रिम असे दोन्ही अंतर्गत जलसाठे बसतात. कलम २४ त्यात प्रदूषक पदार्थ सोडायला मनाई करतं, कलम ३३-अ खाली मंडळ बंदीचे किंवा वीज-पाणी तोडण्याचे आदेशही देऊ शकतं. अडचण पुराव्यात आहे. कलम २१ प्रमाणे नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात चालायचा असेल तर सांडपाणी सोडणाऱ्याला नोटीस द्यावी लागते, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. विद्यार्थ्यांचे पहाटेचे आकडे कितीही नेमके असले तरी या कसोटीला उतरत नाहीत. शिवाय ते तलावाचे आकडे होते, नळीच्या तोंडाचे नव्हते. तलाव खराब आहे हे सिद्ध झालं तरी तो कुणी खराब केला हे सिद्ध होत नाही.

पाणथळ नियमांकडूनही फारसा आधार मिळाला नाही. देशपातळीवरची पाणथळ जागांची तपशीलवार मोजदाद सव्वादोन हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागांची आहे. हा तलाव त्याहून लहान. २०१७ च्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले साठे व्याख्येतून वगळले. सुशोभीकरणानंतर गावतलाव करमणुकीचा साठा ठरतो का, यावर एका बैठकीत खल झाला आणि उत्तर मिळालं नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, तिच्याकडे उतरणाऱ्या ओहोळावरचा हा तलाव मात्र कुठल्याच यादीत नव्हता.

तिसरी फट गृहसंकुलाची. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरणीय मंजुरी लागते. मंजुरीच्या अटींत सांडपाणी प्रक्रिया केंद्र येतं, आणि दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. बांधकाम सुरू असतं तोवर विकासक हे सांभाळतो. ताबा दिला, सोसायटी स्थापन झाली, की केंद्र सोसायटीच्या गळ्यात पडतं आणि कागद विकासकाच्या नावावर राहतात.

समोर असलेले पर्याय

लोकांसमोर सहा-सात मार्ग आले. काहींवर पाच मिनिटं बोलणं झालं, काहींवर अख्खी संध्याकाळ गेली.

रविवारची स्वच्छता मोहीम सगळ्यांना आवडत होती. ती चालू ठेवावी, पण तिने पाणी सुधारणार नाही, हे लवकर मान्य झालं.

गाळ काढण्याचा आग्रह मोठा होता. नगरसेवकांनाही तो सोयीचा वाटत होता, कारण काम दिसतं. तळच्या गाळात फॉस्फरस साठलेला असतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की तो पुन्हा पाण्यात सुटतो, त्यामुळे गाळाचा मुद्दा खरा होता. पण नाला उघडा ठेवून गाळ काढला तर काही पावसाळ्यांत पुन्हा तेच. शिवाय तलाव रिकामा करावा लागेल, मच्छीमारांचा हंगाम जाईल आणि काळा गाळ टाकायचा कुठे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

जिवाणूंची द्रावणं टाकून पाणी सुधारण्याचा प्रस्ताव एका ठेकेदाराने आणला. सोबत हवा खेळवणारी यंत्रं. यातली हवेची यंत्रं कामाची होती, विशेषतः रात्री. पाण्यात हवा मिसळू शकणारं कारंजं मात्र संध्याकाळी सात ते नऊ चालायचं, लोक बघायला येतात म्हणून. द्रावणाबद्दल बाईंनी विचारलं की रोज नवं सांडपाणी येत असताना हे किती वर्षं विकत घ्यायचं? समाधानकारक उत्तर आलं नाही.

नाला तलावाच्या तोंडाशी अडवून कोरड्या दिवसांतलं पाणी पंपाने मलवाहिनीत वळवायचं, हा अभियंत्यांचा पर्याय होता. स्वस्त, लवकर होणारा. त्यात टेकडीचं थोडं स्वच्छ झिरपणही वळवलं जाणार होतं आणि पंप बंद पडला की सगळं मूळपदावर येणार होतं.

सर्वांत जास्त चर्चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयाच्या, पुणे खंडपीठाकडे जाण्यावर झाली. तरुण मंडळी तयार होती. अशा वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो आणि मासे मेल्याची तारीख ताजी होती. विरोध गावातूनच आला, आणि तो समजून घेण्यासारखा होता. नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्यांत गावठाणातली घरंही होती, कारण त्यांना मलवाहिनीच दिलेली नव्हती. शौचकूपाच्या टाक्या भरल्या की ओसंडून गटारात जायच्या. उद्या आदेश आला तर कारवाई आधी कुणावर होईल? वकील ठेवू शकणाऱ्या संकुलावर, की ज्याच्या घराला पाइप नाही त्याच्यावर? एका आजींनी विचारलं, “तलाव आमचा, आणि आरोपीही आम्हीच?” त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

काय केलं

पहिला मोठा निर्णय असा झाला की विसर्जनाचा विषय सध्या बाजूला ठेवायचा. पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तींविरुद्ध केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि कृत्रिम हौदांचा पर्याय ठाण्यात रुजलेला आहे. पण त्यावर भांडत बसलं तर गाव आणि टॉवर एका टेबलाशी बसणार नाहीत, हे ओळखलं गेलं. हा निर्णय काहींना डरपोक वाटला. माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. पुढच्या वर्षी गावाच्या मंडळानेच, कुणी न सांगता, काठावर हौद मागितला.

दुसरा निर्णय : साफसफाई मागायची नाही, कागद मागायचे. माहितीच्या अधिकारात ‘तलाव अस्वच्छ का’ असं विचारलं तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येतं. म्हणून ठरावीक कागद मागितले गेले. नमुन्यांच्या नोंदी वेळेसह. नाल्याला जोडलेल्या वाहिन्यांचा नकाशा. तलाव देखभालीच्या ठेक्याच्या अटी. संकुलाच्या केंद्राचं संमतीपत्र आणि सहामाही अहवाल. काही अर्ज या विभागाकडून त्या विभागाकडे फिरले. कलम ६(३) प्रमाणे दुसऱ्या प्राधिकरणाचा अर्ज पाच दिवसांत त्याच्याकडे पाठवायचा असतो, याची आठवण लेखी करून द्यावी लागली. नकाशा मिळाला नाही. संमतीपत्राची मुदत संपलेली निघाली आणि ते विकासकाच्याच नावावर होतं. देखभालीच्या ठेक्यात रेलिंगच्या रंगाची छटा दिलेली होती, पाण्याच्या गुणवत्तेबद्दल एकही अट नव्हती.

तिसरं काम उन्हात करायचं होतं. पावसाळी गटार एप्रिल-मेमध्ये कोरडं असायला हवं. ते वाहत असेल तर त्यात पावसाचं पाणी नाही, एवढं नक्की. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात गावातली दोन मुलं, टॉवरमधल्या दोन बाया आणि प्रभागातला एक कनिष्ठ अभियंता असे मिळून सकाळी साडेसहा ते नऊ, म्हणजे घराघरांत पाणी वापरलं जातं त्या वेळेत, नाल्याच्या कडेने वर चालत गेले. प्रत्येक चेंबरपाशी थांबून कुठून पाणी येतं ते कागदावर काढत गेले. नकाशा नव्हता तो असा तयार झाला. कनिष्ठ अभियंत्याने वरिष्ठांना न घाबरता यात भाग घेतला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. संशय होता तिथे त्याने शौचालयात हिरवा चमकदार रंग टाकून तो कुठे निघतो ते पाहिलं.

तीन ठिकाणं निघाली. गावठाणाच्या टाक्यांचं ओसंडणं. एका मंगल कार्यालयाच्या भटारखान्याचं तेलकट पाणी. आणि संकुलाच्या प्रक्रिया केंद्राला वळसा घालून थेट गटारात उघडणारा एक पाइप. सर्वांत मोठा प्रवाह या तिसऱ्याचा होता.

संकुलाच्या सचिवांना भेटायला गावातले लोक नोटीस न घेता गेले. सचिवांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. केंद्राची हवा फुंकणारी यंत्रं दिवसरात्र चालवायची तर वीजबिल देखभाल शुल्कात मावत नाही. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला वापरायची दुहेरी नळजोडणी आराखड्यात होती, प्रत्यक्षात जोडलेलीच नव्हती. त्यामुळे शुद्ध करूनही पाणी गटारातच जाणार, मग खर्च कशासाठी, असं सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. फसवल्या गेलेल्या माणसांचा हा निर्णय होता. तरीही त्याचा भार तलावाने उचलला, हे सचिवांनी त्याच बैठकीत कबूल केलं.

यानंतर नियामक कार्यालयाकडे तक्रार गेली, ती पाइपच्या जागेसह, चालत तयार केलेल्या नकाशासह आणि कलम २१ प्रमाणे रीतसर नमुना घेण्याच्या मागणीसह. सोबत जल कायद्याच्या कलम ४९ चा उल्लेख होता : साठ दिवसांची नोटीस दिल्यावर कुठल्याही नागरिकाला न्यायालयात तक्रार करता येते. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. तिचा उल्लेख झाल्यावर फायली हलू लागल्या. संयुक्त पाहणी झाली, रीतसर नमुने घेतले गेले, संकुलाला निर्देश गेले. पालिकेने नाल्याच्या तोंडाशी बंधारा आणि पंप बसवला. हा तात्पुरता उपाय आहे आणि गावठाणाला मलवाहिनी दिल्यावर तो काढायचा, हे लोकांच्या आग्रहामुळे इतिवृत्तात लिहिलं गेलं.

परिणाम

वळसा घालणारा पाइप बंद झाला. संकुलाने केंद्र दुरुस्त केलं आणि बागेपुरतं तरी शुद्ध पाणी वापरायला सुरुवात केली. मंगल कार्यालयाने चरबी अडवणारी टाकी बसवली, ती लग्नसराईत वेळेवर उपसली जाते की नाही हे अजून पाहावं लागतं. पुढच्या जूनमध्ये मासे मेले नाहीत. पहाटेचा ऑक्सिजन वर आला, पण ढगाळ दिवसांत अजून ४ च्या खाली जातो. पाण्याचा हिरवेपणा कमी झाला आहे, गेलेला नाही. गाळातला फॉस्फरस काही वर्षं सुटत राहणार, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

गावठाणाची मलवाहिनी अर्धी झाली. मुख्य गल्लीत पडली, बोळांत अडकली. बोळ इतके अरुंद की यंत्र जात नाही, आणि घरजोडणीचं शुल्क कुणी भरायचं यावर वाद आहे. म्हणून तात्पुरता पंप अजून चालू आहे. एका आठवड्यात तो बंद पडला तेव्हा वास आला आणि पहिल्यांदाच संकुलातून आणि गावातून एकाच दिवशी तक्रारी गेल्या.

पहाटेच्या नमुन्याचं काय झालं ते सांगायला हवं. संयुक्त पाहणीनंतर एका हंगामात संबंधित अधिकाऱ्याने स्वतःहून पहाटे नमुने घ्यायला लावले. अहवालात वेळ लिहिली जाऊ लागली. मग त्यांची बदली झाली आणि नमुना पुन्हा अकरावर गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सांडव्याकडे फार उशिरा लक्ष गेलं. ट्रॅक थोडा कापून सांडवा मूळ पातळीला आणला असता तर पहिल्याच पावसाळ्यात जुनं पाणी बाहेर पडायला मदत झाली असती. खर्चही मोठा नव्हता. पण ट्रॅक रोज वापरणारे अनेक जण बैठकीत होते आणि हा मुद्दा दर वेळी पुढे ढकलला गेला.

मच्छीमारांना सुरुवातीपासून बोलवायला हवं होतं. ते तिसऱ्या-चौथ्या बैठकीला आले. मासे पहाटे तोंड वर काढतात हे त्यांनी आधीच्या दोन उन्हाळ्यांत पाहिलं होतं. अकराच्या नमुन्याचं कोडं त्यांच्या एका वाक्याने सुटलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

न्यायाधिकरणात न जाण्याच्या निर्णयावर अजून एकमत नाही. तरुणांचं म्हणणं असं की आदेश असता तर बदली झाल्याने नमुन्याची वेळ बदलली नसती आणि बोळांतली वाहिनी पडून राहिली नसती. यात तथ्य आहे. सहा महिन्यांची मुदत टळली, त्या घटनेवर वाद मांडण्याचा तो मार्ग बंद झाला. दुसरी बाजू अशी की गावाला आरोपी न करता, पालिकेने गावठाणाला मलवाहिनी द्यावी एवढीच मागणी करणारा अर्ज लिहिता आला असता. ‘जायचं की नाही’ यावरच सगळी चर्चा झाली. ‘काय मागायला जायचं’ हा प्रश्न टेबलावर आलाच नाही. पुन्हा अशी वेळ आली तर कुठल्याही गटाने सुरुवात तिथून करावी असं मला वाटतं.

आणि सर्वांत आधी मागायची गोष्ट म्हणजे देखभालीच्या ठेक्यातली अट. नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा, वेळ लिहावी, ऑक्सिजन ४ च्या खाली गेला तर रात्री हवेची यंत्रं चालू करावीत आणि नाल्याची पाहणी करून अमुक दिवसांत लेखी कळवावं. ठेक्यात असलं की अधिकारी बदलला तरी ते टिकतं. गटाने असा मसुदा करून दिला आहे. देखभालीची पुढची निविदा मार्चनंतर निघेल आणि त्याआधी प्रभाग कार्यालयात मसुद्यावर बैठक लावून घ्यायची आहे. तारीख अजून मिळालेली नाही.